नवसाचे केस

रुखमामावशी कुणाला काही विचारत नाही. ती बघते, मनाशी ठरवते आणि जाहीर करते.

कुरखेड्याच्या पुढे, रस्ता जंगलात शिरतो तिथल्या एका आश्रमशाळेत ती कामाठी आहे. कामाठी हे सरकारी कागदावरचं पद. खरं काम म्हणजे स्वयंपाक्याला भाजी चिरून देणं, मुलींच्या वसतिगृहाचा व्हरांडा झाडणं, तापलेल्या कपाळावर हात ठेवणं, आणि एवढ्या पोरांत आज कोण उपाशी उठलं ते नुसत्या तोंडावरून ओळखणं. मी दर हिवाळ्यात आठ दिवस त्या शाळेत नाटकाचं शिबिर घेते. पहिल्या वर्षी बसमधून उतरले तेव्हा ती फाटकातच उभी होती. माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मागे वळून ओरडली, "बिचारीले बस लागली! लिंबू आना गा कोनी!"

"नाही हो मावशी, मला काही..."

"बोलू नको. बोललं का उलटी येते."

मला बस लागली नव्हती. पण लिंबू चोखत बसले आणि पंधरा मिनिटांनी खरंच बरं वाटलं. दरवेळी इतकं सरळ जमतं असं नाही. गणिताच्या गुणवंतराव सरांची एकदा दाढ दुखत होती म्हणून ते जेवले नाहीत. मावशीनं जाहीर केलं, "सर घरून भांडून आले." संध्याकाळपर्यंत अख्ख्या शाळेनं सरांची समजूत घातली. चौथीतला एक जण तर म्हणाला, "सर, तुमीच फोन लावा. लहान व्हा."

तिचं माहेर तिकडे सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या काठचं. दचकली की तेलुगू, लाडात आली की गोंडी आणि बाकी दिवसभर झाडीबोली. आवाज असा, की मुलांच्या वसतिगृहातल्या घंटेची दोरी तुटली तेव्हा दोन महिने कुणी ती दुरुस्तच केली नाही.

तिच्या सगळ्यांत मोठ्या जाहीरनाम्याची ही गोष्ट. त्यातला दुसरा माणूस बिरजू पेंदोर. हजेरीपटावर त्याचं नाव खुशबू होतं, तो मुलींच्या वसतिगृहात राहायचा आणि सगळे त्याला मुलगी समजायचे. त्यानं स्वतःला तसं कधीच समजलं नव्हतं. मला म्हणाला, "ताई, लिहशीन तं पयलेपासून मुलगाच लिहजो. मधातून बदलवू नको. नाई तं लोक म्हनतीन, हा आत्ताच झाला." म्हणून तसंच लिहिते आहे.

दहावीच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून बिरजू शाळेत आला तो केस कापून. आठवडी बाजारातल्या न्हाव्याकडून, बाजूला मशीन आणि वर बोटभर. शाळेचा नियम म्हणजे मुलींच्या दोन वेण्या, लाल रिबिनी. पेटी हातात घेऊन तो फाटकातून आत आला आणि मुलींचा घोळका जागीच थांबला. त्याच्याच खोलीतली दुर्गा कुमरे, जिच्या जिभेला कधी सुट्टी नसते, ती म्हणाली, "अवो माय! खुशबू गेल्ती न हा कोन आला बे?"

हशा पिकला. मुलांच्या बाजूनंही कुणीतरी शिट्टी मारली. बिरजूनं पेटी खाली ठेवली, परत उचलली. मागे फिरावं असं त्याच्या मनात आलं होतं. बस अजून वळली नव्हती.

तेवढ्यात मावशी झाडू घेऊन आली. तिनं ते डोकं पाहिलं. तिच्या माहेरी नवस फिटला की बाया नदीपलीकडच्या देवाला केस देऊन येतात. तिची आईही एकदा आली होती, तुळतुळीत डोक्यानं, गावानं ओवाळून घेतली होती तिला. मावशीला दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं.

"चूप!" झाडू वर गेला. "नवसाचे केस हायेत ते! पोरीनं देवाले केस देल्ले. जो हासन त्याचं तोंड वाकडं होईन!"

दुर्गानं तोंडावर हात ठेवला तो काढायचंच विसरली. शिट्टी बंद. मावशीनं पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि बिरजूला पुढे घालून नवरदेवासारखं आत नेलं.

"तू तेव्हा काहीच बोलला नाहीस?" मी बिरजूला विचारलं होतं.

"काय बोलू? मले वाटलं, आज वाचलो. उद्याचं उद्या पाहू."

वसतिगृहाच्या अधीक्षिका सरिता मॅडम. आरमोरीच्या, बौद्ध घरातल्या, तिशीच्या आतबाहेर. नवस, अंगात येणं, मंतरलेले धागे यांच्याशी त्यांचं जुनं वैर.

"मावशी, नवसबिवस मी मानत नाही."

"तुमी नका मानू, म्याडम. देव मानते."

"वेण्यांचा नियम आहे शाळेचा."

"केसच नाईत तं वेनी कायची घालू? अंबाडीची?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. पण कुणाच्या श्रद्धेवर नियम लादायचा हेही त्यांना पटेना. शेवटी वसतिगृहाच्या रजिस्टरात खुशबू पेंदोरच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, "धार्मिक कारणाने केसांच्या नियमातून सूट."

मग सुरू झाली नवसाची सरबराई. परीक्षेच्या सकाळी मुली रांगेनं यायच्या. "खुशबू, डोक्याले हात लावू दे न. भूमिती आहे." बिरजू मान खाली करून बसायचा. पण मावशीनं एक कलमही जोडलं होतं: नवसवाल्यानं अंडं खायचं नाही. मेसमध्ये अंडं यायचं त्या दिवशी ती स्वतः त्याच्या ताटातलं अंडं उचलायची आणि शेजारी बसलेल्या दुर्गाच्या ताटात ठेवायची. दुर्गाची देवावरची श्रद्धा त्या हिवाळ्यात फार वाढली.

अंड्यांचं दुःख सोडलं तर त्याचे ते दिवस बरे गेले. चालतोस कसा, बसतोस कसा, कुणी हिणवलं नाही. भीती एकाच गोष्टीची होती. मावशी दर रविवारी त्याच्या डोक्याला तेल चोळायची आणि बोटांनी केस मापायची. "होळीपर्यंत कानाखाली येतीन. मंग मस्त वेन्या घालू." बिरजू सोमवारी नळामागे जाऊन हस्तकलेच्या कात्रीनं तेवढे कापून टाकायचा. मावशी पुढच्या रविवारी चकित. "अय्यो! देवानं केस धरूनच ठेवले!"

जानेवारीत त्याचे वडील आले. लटारू पेंदोर, बावीस किलोमीटर आतल्या गावातून, पिशवीत बोरं आणि नव्या धानाचे पोहे. मॅडमनी त्यांना ऑफिसात बसवलं, अभ्यासाचं सांगितलं, आणि सहज विचारलं, "लटारूभाऊ, तुमचा नवस कशाचा होता?"

"कोनता नवस, म्याडम?"

"मुलीनं केस दिले ना देवाला."

"नाई बा. ते तं तिनं बाजारात कापले." लटारू गोंधळले. "मले वाटलं, शाळेनंच सांगतलं असन."

मॅडमचा चेहरा उतरला. तीन महिने आपल्याला एका मुलीनं फसवलं, रजिस्टरात ते खोटं आपल्याच अक्षरात आहे, आणि मागच्या आठवड्यात तपासणीला आलेल्या साहेबांनाही आपण तेच सांगितलं. रागाच्या भरात त्यांनी निकाल दिला. "नियम मोडला, वर देवाचं नाव घेऊन खोटं. सोमवारी घरी न्या. अभ्यास घरून करू दे, मार्चमध्ये परीक्षेला आणा."

लटारूंनी मान डोलावली. शाळा काही म्हणाली की ते मान डोलावतात. पण जानेवारीत घरी गेलेली पोरं मार्चमध्ये येत नाहीत, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक आहे. आदल्या वर्षी दोघी अशाच गेल्या होत्या. एकीचं लग्न झालं, दुसरी मिरची तोडायला गेली. दोघींची हॉल तिकिटं अजून कपाटात आहेत.

दुपारी मावशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. बिरजू येऊन उभा राहिला. तिनं वर पाहिलं नाही.

"खोटं बोलली माह्याशी."

"मी कुठी बोललो? नवस तूच बोलली. मी चूप राह्यलो."

"चूप राह्यली म्हंजे..." मावशी अडखळली. त्या दिवशी फाटकात आपण काही विचारलंच नव्हतं, हे तिला तेव्हा आठवलं असावं. "मंग कापले काऊन?"

"कारन मी पोरगा आहो."

सूप थांबलं.

"कोन म्हनते?"

"मीच म्हनतो. लहान होतो तवापासून म्हनून राह्यलो. मनातल्या मनात. माहं नाव बी हाय, बिरजू."

"बिरजू कोन?"

"आजा होता माहा."

मावशीचा चेहरा एकदम उजळला. सूप बाजूला गेलं, पदर खोचला गेला. "आत्ता समजलं मले! तुहा आजा परत आला तुह्यात! आमच्यात येतात, मानूस जाते न नातवात येते. आंधी काऊन नाई सांगतलं? मी आत्ता जाते म्याडमकडे..."

"मावशी!" बिरजू दारात आडवा झाला. "आजा नाई आला. कोनीच नाई आला. मीच हाय इथी. नाव त्याचं आवडते म्हनून घेतलं, तेवढंच."

"अगे पन... आज्याचं सांगतलं तं कोनी बोट नाई लावनार तुले!"

"नवसाच्या पायी तीन महिने अंडं नाई खाल्लं मी. आता आज्याच्या पायी काय करू? तो बिड्या फुके. सुरू करू का?"

मावशीला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसलं आणि तांदळाला शिव्या दिल्या, कोंडाच फार आहे म्हणून. बिरजू तिच्या बाजूला बसला.

"मले देवाच्या नावानं राहाचं नाई, मावशी. उद्या देव गेला का मी बी गेलो. मले माह्याच नावानं ठेव न."

चुलीवरचं वरण उतू गेलं, स्वयंपाकी ओरडला, तरी मावशी जागची हलली नाही. मग तिनं एक गोष्ट केली जी मी तरी तिला करताना कधी पाहिली नव्हती. ठरवायच्या आधी तिनं विचारलं.

"मंग काय सांगू मी लोकाइले?"

"जे हाय ते."

"मले येते का ते सांगाले?"

"मले बी नाई येत." बिरजू म्हणाला. "पन तुहा आवाज मोठा हाय."

मावशी उठली. डब्यातून दोन उकडलेली अंडी काढली, सोलली, मीठ लावलं आणि त्याच्या हातावर ठेवली. "खा. दोन्ही खा. माह्या समोर खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "येऊ का?" सरिता मॅडम सांगतात, तेव्हाच मला कळलं की काहीतरी मोठं आहे, एरवी ही बोलत बोलतच आत येते.

"म्याडम, खोटं पोट्ट्यानं नाई बोललं. मी बोलली. मले पाहताबरोबर नवस वाटला, मी सांगून देल्लं. त्यानं कधीच म्हनलं नाई. काढाचं तं मले काढा."

"मग केस का कापले?"

मावशीनं सांगितलं. जसं बिरजूनं सांगितलं होतं तसंच, एकही देव मध्ये न आणता. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, हे तर आणखी अवघड झालं. मुलींचं वसतिगृह आहे. उद्या कुण्या पालकानं तक्रार केली तर?"

"कायची तक्रार? पाच वर्सं झाले, इथीच झोपते, इथीच खाते. काल जसं होतं तसंच आज हाय. मलेच आत्ता मालूम पडलं."

"तुम्हाला पटतंय हे सगळं?"

"पटाले टाइम लागन मले." मावशी खुर्चीवर न बसता खाली बसली. "पन सोमवारी गेलं तं पोट्टं मार्चमधी येत नाई. ते मले आत्ताच पटते."

मॅडम खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या डी.एड.ला राजदीप म्हणून एक होता. शिकवायचा इतका छान, पाठ घ्यायला उभा राहिला की पोरं जागची हलायची नाहीत. त्याच्या आवाजाची, हातवाऱ्यांची सगळे नक्कल करायचे. दुसऱ्या वर्षाला तो आलाच नाही."

"तुमी बी करत होते का, नक्कल?"

"सगळ्यांत चांगली मीच करायचे."

मावशीनं काही जाहीर केलं नाही. मॅडमनी रजिस्टर ओढलं, "धार्मिक कारणाने" या दोन शब्दांवर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, "विद्यार्थ्याच्या इच्छेनुसार." सूट तशीच राहिली. खाली सही केली, तारीख टाकली.

"साहेब विचारतील, मॅडम हे काय?"

"मंग काय सांगसान?"

"सांगेन, माझी चूक होती, दुरुस्त केली."

तिथल्या तिथे ठरलं. मावशीच्या खोलीला लागून धान्याची छोटी कोठी आहे, ती रिकामी करून त्यात बिरजूची खाट. अंघोळीला शिक्षकांचं न्हाणीघर. रोजचा वेष म्हणजे खेळाचा गणवेश, शर्ट आणि पॅन्ट; तो तसाही सगळ्यांना सारखाच. मॅडमनी लटारूंना फोन लावला आणि जमेल तसं सगळं सांगितलं. पलीकडे कोंबड्यांची कलकल.

"म्हंजे सोमवारी येऊ नोको?" शेवटी लटारू म्हणाले.

"नका येऊ."

"बिरजू म्हनते का स्वतःले?"

"हो."

"माह्या बापाचं नाव हाय ते." मग, "चांगला मानूस होता जी."

खोलीतल्या मुलींना मी सांगते, असं मावशीचं म्हणणं होतं. तिनं तर व्हरांड्यात घसाही साफ केला होता. बिरजू नको म्हणाला. पेटी न्यायला खोलीत गेला तेव्हा त्यानं स्वतःच सांगितलं. पहिली दुर्गा बोलली.

"म्हंजे नवस नव्हताच?"

"नाई."

"म्हनूनच मी भूमितीत पडली बे! तीनदा हात लावला होता डोक्याले!" मग जरा विचार करून, "न माहे अंडे?"

"आता नाई भेटत."

"हे काई बरोबर नाई," दुर्गा म्हणाली, आणि पेटीची दुसरी कडी धरून कोठीपर्यंत आली.

सगळं गोड झालं असं नाही. नळावर दोन पोरं महिनाभर काहीबाही बोलत राहिली; एकाला मॅडमनी समोर बसवून समजावलं, दुसऱ्याला दुर्गानं बादलीभर पाण्यानं. गुणवंतराव सर हजेरी घेताना "खुशबू" म्हणायचे, मग खाकरून "म्हणजे आपला बिरजू" म्हणायचे, अशी त्याची रोज दोनदा हजेरी लागायची. मावशी तर दिवसातून वीसदा चुकायची. "इकडे ये वो पोरी" म्हणायची आणि स्वतःच्याच गालावर चापट मारायची. "मारू नको," बिरजू सांगायचा, "मार्चपर्यंत गाल सुजन."

मार्च आला. परीक्षा केंद्र कुरखेड्याला. शाळेच्या जीपमधून मावशीही गेली, पाण्याचे कॅन आणि दह्याचा डबा घेऊन. फाटकात तपासणीच्या दोन रांगा होत्या. बिरजू मुलींच्या रांगेत उभा राहिला तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "ए, मुलांची रांग तिकडे." तो तिकडे गेला. तिकडच्या सरांनी हॉल तिकीट पाहिलं. "खुशबू? मुलींची रांग तिकडे ना." तो परत आला. दुसरी घंटा झाली. रांगा संपत आल्या, फाटक अर्धं ओढलं गेलं आणि बिरजू मधल्या मोकळ्या जागेत तिकीट धरून उभा.

मावशीनं छाती भरून श्वास घेतला. आश्रमशाळेच्या सगळ्या पोरांनी माना वळवल्या. तो श्वास त्यांच्या ओळखीचा होता. बिरजूनंही तिच्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली. श्वास तसाच आत राहिला. मावशी फक्त एवढंच म्हणाली, हळू, "बोल तूच."

बिरजू बाईंसमोर गेला. "म्याडम, कागदावर नाव खुशबू पेंदोर हाय. फोटो बी माहाच हाय, जुना. मी पोरगा आहो. तपासनी कोनीही करा, पन पेपर सुरू होऊन राह्यला."

बाई पन्नाशीच्या. त्यांनी चष्मा सारखा केला. तिकिटावरच्या दोन वेण्यांकडे पाहिलं, समोरच्या डोक्याकडे पाहिलं, परत तिकिटाकडे.

"कान तेच आहेत," त्या म्हणाल्या. "कंपास उघड. मोबाईल?"

"नाई."

"पळ बाळा. वरचा मजला, डावीकडे."

तो दोन-दोन पायऱ्या चढत गेला. फाटक बंद झालं. मावशी कडुनिंबाखाली दह्याचा डबा मांडीवर घेऊन बसली. तिथला शिपाई येऊन म्हणाला, "बाई, इथी गर्दी नोको. तुमचं कोन हाय आत?"

"बिरजू पेंदोर."

"पोरगा का? मले तं आत्ता पोरीच्या रांगेत दिसला. काय भानगड हाय?"

मावशीनं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"दोन वाजता बाहेर येईन," ती म्हणाली. "त्यालेच विचारा."